कंट्रोल प्लेट कुठे आहे?

वाचकांचे प्रश्न, माझी उत्तरं. या खेपेला टपाल उघडलं तर विषय एकच निघाला: कॉलेजच्या मायक्रोबायोलॉजी विभागात विद्यार्थी अभ्यासक्रमाच्या जोडीला जे जे करतात ते. मिनी प्रोजेक्ट, पोस्टर, मॉडेल, सेमिनार, प्रदर्शन. विद्यार्थ्यांनी लिहिलंय, एका पालकांनी लिहिलंय, एका लॅब असिस्टंटनेही लिहिलंय. त्यांचं पत्र सगळ्यांत झणझणीत आहे. मी हाच विषय शिकवून निवृत्त झाले, त्यामुळे माझी मतं पक्की आहेत आणि काही ठिकाणी तिखटही. वाचताना तेवढं धरून चालावं.

प्रश्न: मॅडम, आम्ही दुसऱ्या वर्षाच्या पाच जणींनी ‘हात धुण्याचा परिणाम’ असा मिनी प्रोजेक्ट घेतला. न धुतलेली बोटं न्यूट्रिएंट अगारवर (बॅक्टेरिया वाढवायच्या जेलीसारख्या थरावर) टेकवली, साबणाने हात धुतले आणि तीच बोटं दुसऱ्या प्लेटवर टेकवली. दुसऱ्या दिवशी पाहतो तर धुतल्यानंतरच्या प्लेटवर कॉलनी, म्हणजे बॅक्टेरियांचे डोळ्यांना दिसणारे ठिपके, जास्त! पुन्हा केलं, पुन्हा तेच. प्रदर्शन तोंडावर आलंय. ग्रुपमधल्या दोघी म्हणतात, लेबलं बदलून टाकू, कुणाला कळणार आहे? काय करावं?

उत्तर: लेबलांना हात लावू नका. प्रामाणिकपणावर व्याख्यान द्यायचं म्हणून नाही सांगत. तुमच्या हाती आलेला निकाल चुकीचा नाही, म्हणून सांगते. हा प्रयोग ज्यांनी ज्यांनी वर्गात केलाय त्यांतल्या बऱ्याच जणांना हेच दिसतं. फरक एवढाच की बरेच जण ती प्लेट गुपचूप बाजूला ठेवतात.

त्वचेवर दोन तऱ्हेचे सूक्ष्मजीव असतात. काही दाराच्या कडीवरून, मोबाइलवरून, दुसऱ्याच्या हातावरून आलेले. ते वरवर बसलेले असतात. बाकीचे तिथलेच: स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस, मायक्रोकॉकस, क्युटिबॅक्टेरियम वगैरे. ते त्वचेच्या वरच्या थराच्या फटींत आणि केसांच्या मुळांशी राहतात. हा फरक फिलिप प्राइस या अमेरिकन सर्जनने 1938 मध्ये मांडला. त्याची रीत मोठी सोपी होती. एका बेसिनमध्ये हात घासायचे, मग दुसऱ्यात, मग तिसऱ्यात, आणि प्रत्येक बेसिनच्या पाण्यातले बॅक्टेरिया मोजायचे. सुरुवातीला आकडा झपाट्याने उतरतो, पुढे मात्र कितीही घासलं तरी तो हळूहळूच कमी होतो, कारण आतले रहिवासी थोडे थोडे निघतच राहतात.

आता तुमच्या प्लेटा बघा. साबणाने वरवरचे गेले. पण घासण्याने आणि पाण्याने त्वचा मऊ झाली, तिचे बारीक पापुद्रे सुटले, आणि त्यांच्यावरचे रहिवासी मोकळे झाले. शिवाय न धुतलेल्या कोरड्या बोटावर बॅक्टेरिया गठ्ठ्यागठ्ठ्याने चिकटलेले असतात, आणि एका गठ्ठ्यातून उगवते ती एकच कॉलनी. गठ्ठा फुटला की त्याच बॅक्टेरियांच्या दहा कॉलनी दिसतात. त्यातून तुम्ही हात पुसलेत का, आणि कशाने? ओलं बोट कोरड्या बोटापेक्षा कितीतरी जास्त माल प्लेटवर सोडतं. टॉवेल कुणाकुणाचा होता, हेही विचारायला हवं.

आणखी एक गोम आहे, ती कुणाच्या लक्षात येत नाही. तुम्ही तीच बोटं दोनदा टेकवलीत. पहिल्या वेळी बोटाने अगारला स्पर्श केला तेव्हा काही बॅक्टेरिया तिथेच राहिले आणि बोटाला ओलसर मीडियाचा, म्हणजे बॅक्टेरियांच्या खाद्याचा, अंश लागला. म्हणजे ‘आधी’चं बोट आणि ‘नंतर’चं बोट यांत फक्त साबणाचा फरक उरला नाही.

तेव्हा वेळ असेल तर असं करा. दोन्ही हातांवर एकच प्रयोग. नाणं उडवून एक हात ‘न धुतलेला’ ठरवा, त्याची बोटं टेकवा, मग दोन्ही हात धुऊन फक्त दुसऱ्या हाताची बोटं टेकवा. पुसायला प्रत्येकीला नवा कागदी रुमाल. निम्म्या जणींनी साबण न लावता नुसत्या पाण्याने हात धुवायचे. एक प्लेट अजिबात न उघडता इन्क्युबेटरमध्ये, आणि एक प्लेट प्रयोग चालला तेवढा वेळ टेबलावर उघडी. या दोन तुलनेच्या, म्हणजे कंट्रोल प्लेटा नसतील तर बाकीच्या प्लेटांवर उगवलेलं हातावरचं आहे की हवेतलं, की मीडियाच मुळात नीट निर्जंतुक झाला नव्हता, हे कशावरून सांगाल? माझ्याकडे कुणी प्रोजेक्ट दाखवायला आलं की मी पहिला प्रश्न हाच विचारत असे: कंट्रोल प्लेट कुठे आहे? निम्मे विद्यार्थी तिथेच परत जात.

शक्य असेल तर न्यूट्रिएंट अगारबरोबर मॅक्काँकी अगारही वापरा. त्यातले पित्ताचे क्षार आणि क्रिस्टल व्हायोलेट बहुतेक ग्राम पॉझिटिव्हना (ग्रामच्या रंगपरीक्षेत जांभळे राहणाऱ्या बॅक्टेरियांना) वाढू देत नाहीत, आणि त्वचेचे कायमचे रहिवासी बरेचसे ग्राम पॉझिटिव्हच. म्हणजे हातावर आतड्यातल्या जातीचं काही आलं असेल तर ते वेगळं दिसेल. दोन्हीकडे काहीच उगवलं नाही तर तेही लिहा.

प्रदर्शनात काय मांडायचं? आहेत त्या प्लेटा, आहेत त्या लेबलांसकट, झाकण टेपने पक्कं बंद करून. वर एकच वाक्य: ‘धुतल्यावर कॉलनी वाढल्या, का?’ लोक थांबतील. मग कुणी विचारेलच, ‘म्हणजे हात धुऊ नयेत का?’ त्याला सेमेलवाइस या डॉक्टरचे आकडे सांगा. व्हिएन्नाच्या ज्या प्रसूतिकक्षात एप्रिल 1847 मध्ये 18.3 टक्के बाळंतिणी दगावल्या होत्या, तिथे डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावल्यावर जूनमध्ये तो आकडा 2.2 टक्क्यांवर आला. त्याने कॉलनी मोजल्या नव्हत्या. मोजणार कशा, अगारही नव्हतं आणि पेट्रीची प्लेटही नव्हती. हात धुण्याने रोग पसरवणारे पाहुणे जातात, आणि तुमच्या प्लेटवर दिसतात ते बहुतांशी घरचे लोक. हा फरक समजावून देणारा प्रोजेक्ट लेबलं बदललेल्या प्रोजेक्टच्या कितीतरी पुढचा आहे.

प्रश्न: माझी मुलगी पहिल्या वर्षाला आहे. महिनाभर विभागात पोस्टर, मॉडेल आणि आता म्हणे ‘बॅक्टेरियांची चित्रं’ असं चाललंय. हे कॉलेज आहे की बालवाडी? अभ्यास कधी करायचा मुलांनी?

उत्तर: मॉडेलच्या बाबतीत मी तुमच्याच बाजूने आहे. रात्र जागून थर्माकोलचा बॅक्टेरिओफेज (बॅक्टेरियांना मारणारा विषाणू) केला तर मुलं थर्माकोल कापायला शिकतात. पोस्टरचंही तसंच, इंटरनेटवरून उतरवून रंगवलेलं असेल तर.

चित्रांचं मात्र वेगळं आहे. तिथे रंग म्हणून जिवंत बॅक्टेरिया वापरतात. मायक्रोकॉकस ल्युटियसचा पिवळा, सेराशिया मार्सेसेन्सचा लाल. ब्रशने किंवा वायरलूपने अगारवर काढताना रेघ दिसतच नाही, कारण पातळ कल्चर, म्हणजे द्रवात वाढवलेले बॅक्टेरिया, दिसायला जवळजवळ पाणीच. चित्र दिसतं एक-दोन दिवसांनी, आणि तेव्हा दुरुस्तीला वाव नसतो. अलेक्झांडर फ्लेमिंगला हा नाद होता. पेनिसिलिन सापडण्यासाठी विचित्र प्लेटकडे दुसऱ्यांदा बघणारा डोळा लागतो, तो त्याला या नादातून मिळाला असेल का, हा माझा आपला तर्क. अमेरिकन सोसायटी फॉर मायक्रोबायोलॉजी 2015 पासून अशा चित्रांची स्पर्धाही भरवते.

यात अभ्यास कुठे आहे, ते मुलीलाच विचारून बघा. सेराशियाची प्लेट 37 अंशांना ठेवली तर लाल रंग का येत नाही? 25 ते 30 अंशांना मात्र भरभरून येतो, असं का? जलद वाढणारा जीव शेजारच्या हळू वाढणाऱ्याची रेघ गिळतो, मग कोणता आधी लावायचा? प्रोटियसचं कल्चर चुकून आलं तर अख्ख्या प्लेटवर लाटा का पसरतात? तिला उत्तरं आली तर अभ्यास चाललाय असं समजा. नाही आली तर मला नको, तिच्या शिक्षकांना पत्र लिहा.

एक सावधगिरी मात्र सांगते. सेराशिया पूर्वी निरुपद्रवी म्हणून सर्रास वापरत. 1950 मध्ये अमेरिकन नौदलाने तो सॅन फ्रान्सिस्कोच्या हवेत फवारूनही पाहिला होता. आज आपल्याला माहीत आहे की प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाला तो आजारी पाडू शकतो. विभागात, ॲप्रन घालून, शिक्षकांच्या नजरेखाली वापरायला हरकत नाही. घरी आणून भावंडांना दाखवायची वस्तू मात्र ती नव्हे.

प्रश्न: माझं ग्राम स्टेनिंग दर वेळी गुलाबीच येतं. सर म्हणतात बॅसिलस आहे, जांभळा यायला हवा. जर्नलमध्ये मी जांभळाच काढते. व्हायवात पकडली जाईन का?

उत्तर: पकडली जाशील, आणि जावंसच. जर्नलमध्ये दिसलं तेच काढायचं. गुलाबी दिसलं तर गुलाबी काढ आणि खाली लिही, ‘अपेक्षित जांभळा, कारण शोधतेय.’ असं लिहिलेलं जर्नल माझ्या हाती आलं असतं तर मी दोन मार्क जास्तच दिले असते.

आता कारणं. या पद्धतीत आधी जांभळा रंग, मग तो पक्का करणारं आयोडीन, मग रंग काढणारं अल्कोहोल, शेवटी गुलाबी रंग. जांभळा टिकला तो ग्राम पॉझिटिव्ह, गुलाबी झाला तो ग्राम निगेटिव्ह. पहिला संशय कल्चरवर घे. बॅसिलसची स्लँट (नळीतल्या तिरप्या अगारवरचं कल्चर) दोन-तीन दिवसांची जुनी असेल तर पेशींच्या भिंती झिजलेल्या असतात, जांभळा रंग धरत नाहीत. 18 ते 24 तासांचं ताजं कल्चर माग. दुसरा संशय आयोडीनवर. बाटलीतलं द्रावण तपकिरीऐवजी फिकं पिवळट झालं असेल तर ते बदलायला सांग. तिसरा, आणि माझ्या मते खरा गुन्हेगार, म्हणजे अल्कोहोल.

स्लाइड जरा तिरपी धर. ड्रॉपरने अल्कोहोल थेंबाथेंबाने वरच्या कडेला सोड. पहिल्या थेंबांबरोबर जांभळे ओघळ खाली येतील. त्या ओघळांकडेच बघत राहा, घड्याळाकडे नको. जाड ओघळ, मग फिका, आणि ज्या क्षणी खाली पडणारा थेंब जवळजवळ स्वच्छ दिसतो त्याच क्षणी पाणी. पुस्तकात दहा ते वीस सेकंद लिहिलेलं असतं, पण स्मिअर (काचेवर पसरलेला बॅक्टेरियांचा थर) पातळ असेल तर दहाही जास्त होतात, आणि ॲसिटोन मिसळलेलं डेकोलरायझर असेल तर त्याहूनही कमी पुरतात. तू बहुधा शेजारणीशी बोलत बोलत अल्कोहोल ओततेस.

स्मिअर जाड झाला तर उलटा घोटाळा होतो, ग्राम निगेटिव्हही जांभळे राहतात. वायरलूपच्या टोकाला जेमतेम लागेल एवढीच कॉलनी घे आणि पाण्याच्या लहानशा थेंबात पसरव. वाळलेला स्मिअर डोळ्यांना धूसर डागासारखा दिसला पाहिजे. पांढरा थर दिसला तर पुसून टाक आणि दुसरा कर.

आणि एका स्लाइडवर तीन स्मिअर करायची सवय लाव: एका टोकाला ठाऊक असलेला ग्राम पॉझिटिव्ह, दुसऱ्या टोकाला ग्राम निगेटिव्ह ई. कोलाय, मधे तुझं. तिघांवर एकच रंग, एकच अल्कोहोल. ई. कोलाय गुलाबी आणि ओळखीचा पॉझिटिव्ह जांभळा आला, तरच मधल्यावर बोलायचा तुला अधिकार. तरीही शंका राहिली तर स्लाइडवर 3 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात कॉलनी मिसळ आणि लूप हळूच वर उचल. ग्राम निगेटिव्ह पेशी फुटून त्यांचा डीएनए बाहेर येतो आणि लूपबरोबर चिकट तार उठते. ग्राम पॉझिटिव्हमध्ये सहसा उठत नाही. मिनिटभराचं काम आहे, मायक्रोस्कोपही लागत नाही.

ग्रामबद्दल एक गंमत. 1884 मध्ये त्याने ही पद्धत छापली तेव्हा बॅक्टेरियांचे दोन गट पाडायचा त्याचा मुळीच विचार नव्हता. न्यूमोनियाने गेलेल्या रुग्णांच्या फुप्फुसात बॅक्टेरिया उठून दिसावेत एवढंच त्याला हवं होतं. काहींचा रंग निघून जातो ही त्याला उणीव वाटली, आणि पद्धत सदोष, अपुरी आहे असं त्याने स्वतःच लिहून ठेवलं. ते गुलाबी रंगाचं सॅफ्रॅनिनही त्याचं नाही, ते नंतर जोडलं गेलं.

प्रश्न: मायक्रोबायोलॉजीला गणित लागतं का? मला भीती वाटते.

उत्तर: लागतं, पण शून्यं मोजता आली की निम्मं झालं. समजा 10⁻⁴ डायल्यूशनमधलं, म्हणजे दहा हजार पट पातळ केलेल्या नमुन्यातलं, 0.1 मिलिलिटर तू प्लेटवर पसरवलंस आणि 142 कॉलनी आल्या. 142 ला 0.1 ने भाग, मग 10,000 ने गुण. मूळ नमुन्यात दर मिलिलिटरला 1.42 × 10⁷ कॉलनी फॉर्मिंग युनिट. 30 ते 300 च्या बाहेरच्या प्लेटा हिशोबात धरायच्या नाहीत. ‘युनिट’ म्हणायचं, ‘बॅक्टेरिया’ नाही, कारण कॉलनी एका पेशीपासून उगवली की गठ्ठ्यापासून हे प्लेट सांगत नाही. आणि मातीसारख्या नमुन्यातले बहुतेक जीव तर आपल्या मीडियावर उगवतच नाहीत. भीती गणिताची नको, पिपेट बदलायला विसरण्याची असू दे.

प्रश्न: मी नव्यानेच शिकवायला लागलोय. एका बॅचला वीस विद्यार्थी, चालू स्थितीतले मायक्रोस्कोप चार. दर सत्राला ‘विद्यार्थी उपक्रमांचा’ अहवाल द्यावा लागतो. बॅनर लावून फोटो काढण्यापलीकडे खरंखुरं काही जमेल का?

उत्तर: जमेल सर, आणि त्याला फार सामानही लागत नाही. मी उपक्रम पारखताना एकच गोष्ट बघते: याचं उत्तर शिक्षकाला आधीच ठाऊक आहे का? ठाऊक असेल तर ते प्रात्यक्षिक. त्याचीही गरज असते, पण त्याला उपक्रम म्हणून अहवालात घालू नये.

हात बसवायची कामं बॅक्टेरियांशिवाय करून घ्या. कागदावर प्लेटएवढं वर्तुळ, शाईत बुडवलेली काडी, आणि चार भागांचं स्ट्रीकिंग, म्हणजे रेघा ओढत नमुना विरळ करत जाणं. दर भागाला काडी पुसायची, आधीच्या भागातून दोन-तीनदाच ओढायची. शाई कुठे संपली ते लगेच दिसतं, दुसऱ्या दिवसाची वाट बघायला नको. सीरियल डायल्यूशन रंगीत पाण्याने: 1 मिलिलिटर रंग, 9 मिलिलिटर पाणी, असं पुढे सहा नळ्या. शेजारच्या गटाशी नळ्या लावून बघितल्या की कुणाचं पिपेटिंग ढिलं आहे ते न बोलता कळतं. मायक्रोस्कोपवर पाच जण असले तर एकाने फोकस करायचं, एकाने बघून नुसतं शब्दांत सांगायचं, एकाने ते ऐकून काढायचं, उरलेल्या दोघांनी चित्र आणि स्लाइड ताडून बघायची, आणि मग जागा बदलायच्या. फार गोंधळ होतो. होऊ द्या.

लांब पल्ल्याचं हवं असेल तर विनोग्राडस्की कॉलम. सर्गेई विनोग्राडस्कीने 1880 च्या दशकात सल्फरवर जगणारे बॅक्टेरिया अभ्यासले, त्याच्या नावाने ही रीत चालते. तळ्याकाठचा काळा चिखल, कार्बनसाठी फाडलेले कागदाचे कपटे, सल्फरसाठी थोडं कॅल्शियम सल्फेट, उंच पारदर्शक बरणी, वर बोटभर पाणी, सैल झाकण, खिडकीचा उजेड. पहिले काही आठवडे चिखल चिखलच दिसतो आणि विद्यार्थी कंटाळतात. मग तळाशी आयर्न सल्फाइडचा काळा थर, त्याच्या वर हिरवे सल्फर बॅक्टेरिया, त्यांच्या वर जांभळे, आणि पृष्ठभागाजवळ सायनोबॅक्टेरिया. वरून ऑक्सिजन, खालून हायड्रोजन सल्फाइड, आणि मधे ज्याला जे सोसतं तिथे तो.

नुसती बरणी ठेवली तर ती शोभेची वस्तू होते. म्हणून चार बरण्या करा. एक पूर्ण, एक काळ्या कागदात गुंडाळलेली, एक कागदाच्या कपट्यांशिवाय, एक सल्फेटशिवाय. बरण्या भरायच्या दिवशीच प्रत्येकाकडून अंदाज लिहून घ्या, पाकिटात घाला, पाकीट बंद. दोन महिन्यांनी उघडा. तळ्याचा चिखल प्रत्येक ठिकाणी निराळा, त्यामुळे काय होईल हे तुम्हालाही सांगता येणार नाही. सल्फेटशिवायच्या बरणीतही चिखलातल्या मूळच्या सल्फेटवर रंग येऊ शकतो, आणि मग वर्गात चांगली जुंपते. बरणी पुढच्या बॅचला सोपवा, नोंदवहीसकट.

सेमिनारबद्दल एवढंच: पन्नास स्लाइडचं पीपीटी बंद करा. एका जुन्या शोधनिबंधातली एकच आकृती द्या आणि दहा मिनिटं तिच्यावरच बोलायला सांगा. अहवालात फोटो लागतोच, तो पाकिटं उघडतानाचा लावा.

प्रश्न: मॅडम, मी लॅब असिस्टंट आहे. उपक्रम विद्यार्थ्यांचे, फोटो सरांचे, आणि प्लेटा आमच्या. प्रदर्शन संपलं की टेबलावर उघड्या प्लेटांचा ढीग, नावं नाहीत, तारखा नाहीत, दोन-चार खिडकीत विसरलेल्या. मीडिया एक दिवस आधी मागतात, तेही संध्याकाळी. तुमच्या उत्तरांत आमचं काही येतं का?

उत्तर: आता येतंय. वर पत्र लिहिणाऱ्या सगळ्यांनी हे दोनदा वाचावं.

हातावरचे, हवेतले, नळाचे नमुने घेतलेल्या प्लेटवर काय उगवलंय हे कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून अशी प्लेट इन्क्युबेटरमधून निघाली की उघडायची नाही, टेपसकट बघायची, झाकणावरून मोजायची. मागच्या बाजूला नाव, तारीख, नमुना, मार्करने, झाकणावर नव्हे तळावर, कारण झाकणं बदलतात. ज्याची प्लेट त्यानेच ती ऑटोक्लेव्हच्या (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या) पिशवीत टाकायची. मीडियासाठी 121 अंश, 15 पौंड दाब आणि 15 मिनिटं पुरतात, पण ठासून भरलेल्या पिशवीच्या मध्यापर्यंत वाफ पोचायला त्याहून जास्त वेळ लागतो. तिला निदान अर्धा तास द्या आणि पिशवी सैल भरा. पिशवीवरच्या ऑटोक्लेव्ह टेपवर काळे पट्टे आले म्हणजे उष्णता लागली, सगळं मेलं असं नाही. त्याची खात्री जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या बॅक्टेरियाचे उष्णता सोसणारे स्पोअर मेले की नाही, यावरून होते.

आणि विभागप्रमुखांना माझ्या नावाने सांगा: दर आठवड्याला दोन विद्यार्थी अख्खा दिवस तुमच्या हाताखाली. मीडिया तोलायचा, उकळायचा, ओतायचा. फ्लास्क हाताला सोसवेल इतका, म्हणजे 45 ते 50 अंशांवर आला की ओतायचा. घाई केली की झाकणात वाफेचं पाणी साचतं, उशीर केला की अगार फ्लास्कमध्येच गोठतं. प्लेटा उलट्या का ठेवतात हे ज्याने गरम अगार ओतलंय त्याला सांगावं लागत नाही. डरहॅम ट्यूब ही गॅस पकडायची बारीक नळी. ती लॅक्टोज ब्रॉथमध्ये, म्हणजे पातळ मीडियात, उपडी टाकताना तिच्यात हवा असते, ती ऑटोक्लेव्हमध्ये निघून जाते आणि ट्यूब ब्रॉथने भरते. ती नीट भरली नाही तर निर्जंतुक नळीतच बुडबुडा दिसतो आणि पाण्याच्या तपासणीत चांगलं पाणी नापास होतं. मुलं तो बुडबुडा ‘गॅस पॉझिटिव्ह’ म्हणून खुशाल लिहून मोकळी होतात. तुम्ही इनॉक्युलेशनच्या, म्हणजे नमुना घालायच्या, आधीच बघून अशा नळ्या बाजूला काढता, हे त्यांना कळू दे.

अगार प्रयोगशाळेत आलं तेही तुमच्यासारखंच काम करणाऱ्या बाईमुळे. फॅनी हेसे नवऱ्याच्या प्रयोगशाळेत बिनपगारी मदतनीस होती, चित्रंही काढायची. उन्हाळ्यात जिलेटिनचा मीडिया वितळून सगळं वाया जायचं. तिने 1881 मध्ये स्वयंपाकघरातलं अगार सुचवलं. ते साधारण 85 अंशांपर्यंत वितळत नाही आणि 40 च्या खाली येईपर्यंत गोठत नाही. नवरा रॉबर्ट कॉखकडे काम करत होता, कॉखने ते लगेच उचललं. त्याच्या लेखात तिचं नाव आलं नाही.

प्रश्न: आम्ही करतो ते सगळं आधी कुणीतरी केलेलं असतं. विद्यार्थ्यांच्या प्रॅक्टिकलमधून विज्ञानाला खरोखर काही मिळालंय का?

उत्तर: मिळालंय. स्ट्रेप्टोमायसिन 1943 मध्ये अल्बर्ट शॅट्झ या विद्यार्थ्याने स्ट्रेप्टोमायसेस ग्रिसियसपासून वेगळं केलं, रटगर्स विद्यापीठात. क्षयावरचं ते पहिलं गुणकारी अँटिबायोटिक. 1952 चं नोबेल मात्र त्याच्या गाइडला, सेलमन वॅक्समनला, एकट्यालाच मिळालं. त्या भांडणात इथे शिरत नाही.

अलीकडचं उदाहरण तुझ्या प्रश्नाला जास्त लागू आहे. अमेरिकेत 2008 पासून सी-फेजेस नावाचा अभ्यासक्रम चालतो, पिट्सबर्ग विद्यापीठाचे ग्रॅहम हॅटफुल आणि हॉवर्ड ह्यूज मेडिकल इन्स्टिट्यूट यांच्या पुढाकाराने. पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुलं माती आणतात, मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिससारख्या निरुपद्रवी बॅक्टेरियाला मारणारे फेज तिच्यातून शोधतात, स्वतः त्यांना नाव देतात आणि जीनोम वाचायला शिकतात. शोधलेले फेज हॅटफुल यांच्या संग्रहात जातात. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमध्ये एका विद्यार्थिनीला 2010 मध्ये सडक्या वांग्यात असा एक फेज मिळाला. त्याचं नाव ‘मडी’. तो तसाच फ्रीझरमध्ये पडून होता.

पुढे लंडनमध्ये सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या एका पंधरा वर्षांच्या मुलीला फुप्फुसं बदलल्यानंतर मायकोबॅक्टेरियम ॲबसेससचा संसर्ग झाला. अँटिबायोटिकांनी तो हटेना. तेव्हा हॅटफुल यांच्या संग्रहातून तीन फेज निवडले. दोघांच्या जनुकांत बदल करावा लागला, मडी मात्र जसाच्या तसा चालला. मुलीची प्रकृती सुधारली आणि 2019 मध्ये ते नेचर मेडिसिनमध्ये छापून आलं.

तुला सुरुवात करायची तर ई. कोलायचा के-12 स्ट्रेन आणि सांडपाणी एवढं पुरे. सांडपाणी सेंट्रिफ्यूज करून 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढायचं, म्हणजे बॅक्टेरिया मागे राहतात आणि फेज पुढे जातात. ते थोडं ई. कोलायच्या ताज्या कल्चरमध्ये आणि 45 अंशांच्या मऊ अगारमध्ये मिसळून प्लेटवर ओतायचं. दुसरी प्लेट सांडपाण्याशिवाय. सकाळी ई. कोलायच्या धुरकट थरात टाचणीच्या डोक्याएवढे स्वच्छ गोल दिसले तर ते प्लाक, म्हणजे फेजने बॅक्टेरिया मारलेल्या जागा. सगळ्यांचा आकार सारखा असेलच असं नाही, मोठे आणि बारीक वेगवेगळे टोचून घे, ते निराळे फेज असू शकतात. सांडपाणी शिक्षक समोर असतानाच हाताळायचं, हातमोजे घालून, आणि फिल्टर होईपर्यंतच्या सगळ्या वस्तू थेट ऑटोक्लेव्हला. लॅब असिस्टंटना चार दिवस आधी सांगून ठेव.